कमरेची किल्ली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. व्याख्यान देण्याइतकी मी विदुषी नव्हे. पण जी गोष्ट दोन महिने घरातही बोलले नाही, ती तुमच्यापुढे सांगावी असे वाटले, म्हणून उभी राहिले आहे.

गेल्या श्रावणात भर दुपारी फोन आला. "काकू, तुमचे खाते आज बंद पडणार," पलीकडचा माणूस मोठ्या अदबीने म्हणाला. माझे नाव, कार्डाचा नंबर, सारे त्याला ठाऊक! इतक्यात मोबाइलवर ओटीपीचा संदेश आला. त्याने विचारला आणि मी पोथी वाचावी तसा एकेक आकडा स्पष्ट वाचून दाखवला. अठरा हजार रुपये गेले. नातीच्या कर्णफुलांसाठी जमवलेले होते ते. "शिकलीसवरलेली बाई आणि अशी फसली!" असे कोणी म्हणेल, या लाजेने मी गप्प राहिले.

शेवटी सूनबाईला सांगितले. ती रागावली नाही. जवळ बसून तिने सारे समजावले. पासवर्ड ही आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट, तर मोबाइल ही आपल्याजवळ असलेली वस्तू. एक चोराच्या हाती लागली तरी दुसरी लागू नये, म्हणून ही दोन कुलपे. कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना असे दुसरे कुलूप रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीचे केले. आपल्या आज्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचत. ओटीपी ही तशीच किल्ली. मी ती कमरेची काढून परक्याच्या हातावर ठेवली! कोणाला सांगू नका, असे संदेशातच लिहिलेले होते. मी आकडे तेवढे वाचले, अक्षरे सोडली.

चोर कधी आपल्या नंबरचे दुसरे सिमकार्डही लबाडीने मिळवतो. मग संदेश त्याच्याकडे जातात. म्हणून फोनची रेंज अकारण गेली आणि बराच वेळ आली नाही, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीकडे व बँकेकडे चौकशी करावी. काही ॲप फोनमध्येच दर ३० सेकंदांनी नवा आकडा तयार करतात. तेथे संदेश यावाच लागत नाही. पण तो आकडाही आपणच सांगितला, तर कुलूप काय करील? आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही, हेही गाठीशी बांधा.

इतके करूनही फसलातच, तर त्याच क्षणी बँकेला कळवा आणि १९३० या सरकारी नंबरवर फोन करा. वेळीच कळवले तर पैसे वाटेतच अडवता येण्याची आशा असते. माझे दोन महिने लाजेत गेले, आणि ती आशाही गेली.

भगिनींनो, लाज चोराला वाटावी, आपल्याला नव्हे. घरी गेल्यावर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.