राणीच्या बागेतली मात्रा

दवाखान्यात रडणाऱ्या मुलाला मी साबुदाण्याएवढ्या गोळ्यांआधी यमक देतो. विंदा करंदीकरांचं ‘राणीची बाग’ १९६१चं. बाहेर मूल, पिंजऱ्यात प्राणी आणि मधे यमकांची धमाल! पुढे २००३च्या ज्ञानपीठाचे मानकरी ठरलेले विंदा असा पोरकटपणा का करतात? कारण अर्थाआधी मुलाला भाषेचा ताल कळतो.

बेळगावात माझी नात शाळेत इंग्रजी बोलते, शेजारी कन्नड. ‘मराठीत सांग’ म्हटलं की गप्प. पण कविता वाचताना यमकाचा शब्द मी मुद्दाम गाळला, की ती ओरडून पुरा करते. तेव्हा तुम्हीही नातवंडांना उपदेश करू नका. रोज रात्री एक गमतीची कविता मोठ्यानं वाचा. मात्रा लहान चालेल; खंड नको.