रॉसचा कुरव

थंडी पडू लागली की मुंबईच्या किनाऱ्यावर उत्तरेकडून येऊन उतरणारे कुरव आपल्या परिचयाचे आहेत, आणि हिवाळा जवळ आला की पाखरांनी दक्षिणेची वाट धरावी हा सृष्टीचा शिरस्ताच आहे, असे आपण धरून चालतो. परंतु सैबेरियाच्या ईशान्य भागात वीण करणारा, जेमतेम फूटभर लांबीचा रॉसचा कुरव हा शिरस्ता मानीत नाही.

1823 साली, ध्रुवप्रदेशाचा शोधप्रवासी पॅरी याच्या मोहिमेबरोबर गेलेल्या जेम्स क्लार्क रॉस या ब्रिटिश आरमारातील तरुण अधिकाऱ्याने कॅनडाच्या उत्तरेस मेलव्हिल द्वीपकल्पावर तो प्रथम टिपला. विणीच्या दिवसांत त्याच्या छातीपोटावर मंद गुलाबी झाक चढते, पांढऱ्याशुभ्र मानेभोवती काळ्या गोफासारखी बारीक रेघ उमटते, आणि शेपूट मधोमध निमुळते होत जाते. ही गुलाबी झाक त्याने खाल्लेल्या बारीक कवचधारी जलचरांतून येते.

त्याच्यापायी माणसांनी काय सोसले, याचा एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. 1881 साली, उत्तर ध्रुवाकडे निघालेले ‘जेनेट’ हे अमेरिकन जहाज बर्फात चिरडून बुडाले. त्यावरील निम्म्याहून अधिक माणसे परत आलीच नाहीत, पण न्यूकॉम्ब या निसर्गाभ्यासकाने बर्फावरच्या त्या जीवघेण्या वाटचालीत या पक्ष्याची तीन कातडी सदऱ्याखाली अंगाशी बाळगून सुखरूप आणली.

एवढे होऊनही त्याची वीण कोठे होते हे कोडे 1905 पर्यंत सुटले नव्हते. त्या वर्षी सर्गेई बुतुर्लिन या रशियन संशोधकाला कोलिमा नदीच्या मुखाजवळील दलदलीत, खुरट्या वाळुंजांच्या प्रदेशात, त्याच्या वसाहती सापडल्या. गवताचे ओलसर घरटे, त्यात बहुधा तीन हिरवट, तपकिरी ठिपक्यांची अंडी, आणि शेजारी सुरयांचा मुक्काम! सुरय हा शत्रूवर तुटून पडणारा पक्षी असल्याने त्याच्या पहाऱ्याचा लाभ या नाजूक शेजाऱ्यालाही मिळतो.

पिले उडू लागली की ही मंडळी समुद्राकडे वळतात, आणि शरदात अलास्काच्या पॉइंट बॅरोवरून त्यांचे थवे ईशान्येकडे, म्हणजे बर्फाच्या रोखाने, जाताना दिसतात; कारण तरंगत्या बर्फाच्या कडेला, जेथे आपल्याला केवळ वैराण शून्य दिसते, तेथील पाण्यात बारीक मासे आणि जलचर विपुल असतात. समुद्र गोठून ते अन्न बंद झाले म्हणजे मग कोठे त्यांच्यातील बरेचसे बेरिंग आणि ओखोत्स्क समुद्राकडे उतरतात.