उच्च शिक्षणाच्या दोन वाटा



बारावीनंतर अमेरिकेस जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रामुख्याने दोन वाटा असतात. मॅसॅच्युसेट्स या एकाच राज्यात त्या दोन्ही पाहावयास मिळतात.

बोस्टन शहरातील नॉर्थईस्टर्न विद्यापीठात १९०९ पासून ‘को-ऑप’ पद्धत आहे. विद्यार्थी काही काळ वर्गात शिकतो आणि साधारण सहा महिने एखाद्या कंपनीत पूर्णवेळ काम करतो. पदवीपूर्वीच त्याच्या गाठीशी अनुभव जमा होतो.

त्याच राज्याच्या डोंगराळ भागात १७९३ साली स्थापन झालेले विल्यम्स महाविद्यालय आहे. विद्यार्थी सुमारे दोन हजार. तेथे वाणिज्याची पदवी नाही. परंतु अर्थशास्त्राबरोबर तत्त्वज्ञान वा इतिहासही अभ्यासता येतो. ‘ट्युटोरियल’ वर्गात एका प्राध्यापकासमोर दोनच विद्यार्थी असतात. एकाने निबंध मांडावयाचा, दुसऱ्याने त्याची चिकित्सा करावयाची.

ज्याचे ध्येय निश्चित आहे, त्यास पहिली वाट हितावह. ज्याची आवड अद्याप ठरावयाची आहे, त्यास अठराव्या वर्षीच एका व्यवसायाशी जखडणे उचित नव्हे.

म्हणून पालकांनी शुल्क व शिष्यवृत्ती यांचा हिशेब अवश्य मांडावा. परंतु संस्थेच्या नावापूर्वी पाल्याचा कल जाणून घ्यावा. पुंजी वडिलांची असली, तरी ती चार वर्षे मुलांची असतात.