फुलांचे दूत आणि त्यांचे अभ्यासक



पुष्कळ दिवसांनीं एखादा स्नेही रस्त्यांत भेटला म्हणजे आपण त्याला सहज म्हणतों, "काय, अगदीं उंबराचें फूल झालांत कीं!" उंबराचें फूल कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, म्हणून दुर्मिळ माणसाला ही उपमा. परंतु उंबराला फुलें नसतात, असें मात्र नाहीं. तीं असतात, आणि शेकड्यांनीं असतात. ज्याला आपण उंबराचें फळ म्हणतों, त्याच्या पोकळ गर्भांत तीं दाटीनें बसलेलीं असतात. मग जेथें वारा पोंचत नाहीं, ऊन पोंचत नाहीं, तेथें एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत नेतो कोण? असले प्रश्न कोणाला सुचले, त्यांचीं उत्तरें कोणीं शोधलीं, आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील कांद्याचें बीं पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा त्यांशीं काय संबंध, एवढेंच आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

आधीं मूळ गोष्ट सांगतों. फुलांत जे बारीक तंतू दिसतात, त्यांपैकीं पुंकेसरांच्या टोकांवरील पिशव्यांत पराग असतो. मधोमध स्त्रीकेसर असतो, आणि त्याच्या शेंड्याला कुक्षि म्हणतात. पराग कुक्षीवर पडल्यावांचून सामान्यतः बीज धरत नाहीं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत एवढें ज्ञान युरोपांतील पंडितांना झालें होतें. पण बहुतेक फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच घरांत नांदतात; तेव्हां शेजाऱ्याचा पराग शेजाऱ्याला आपोआप मिळत असेल, अशी सर्वसाधारण समजूत होती. फुलावर बसणारी मधमाशी म्हणजे न बोलावतां आलेली पाहुणी; ती फुकटचा मध खाऊन जाते, एवढीच तिची पत.

या समजुतीला मोठा धक्का दिला तो एका शाळामास्तरानें. ख्रिश्चन कोनराड स्प्रेंगेल हा बर्लिनजवळच्या स्पांडाऊ येथील शाळेचा मुख्याध्यापक. १७८७ सालच्या उन्हाळ्यांत रानांतील जिरॅनियमच्या फुलाकडे पाहतांना पाकळ्यांच्या बुडाशीं त्याला बारीक मऊ केंस दिसले. ते उगाच नसावेत, पावसाचें पाणी आंतल्या मधुरसांत मिसळूं नये यासाठीं ते असावेत, असें त्यानें अनुमान केलें. मग मधुरस कोणासाठीं? अर्थात् कीटकांसाठीं. पुढच्या वर्षीं एका चिमुकल्या निळ्या फुलाच्या मध्यावर त्याला पिवळें कडें दिसलें, आणि तें मधुरसाकडे जाण्याची वाट दाखविणारी खूण आहे, असें त्यानें ओळखलें. नंतर त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. कित्येक फुलांत पुंकेसर आणि कुक्षि हीं एकाच वेळीं पक्व होत नाहींत. एकाचा काळ संपतो तेव्हां दुसऱ्याचा सुरू होतो. म्हणजे एका घरांत राहूनहि त्यांची गांठ पडत नाहीं. पराग बाहेरूनच आणावा लागतो, आणि आणणारा दूत म्हणजे कीटक.

१७९३ सालीं त्याचा ग्रंथ निघाला. त्यांत ४६१ वनस्पतींचें वर्णन आणि २५ चित्रपट होते. निसर्गाचें गूढ उकलल्याचा दावा ग्रंथाच्या नांवांतच होता. पण विद्वानांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं, आणि १७९४ सालीं त्याची मुख्याध्यापकाची जागाहि गेली. पुढें तो बर्लिनमध्यें एकाकी राहिला आणि १८१६ सालीं वारला. रानांत गुडघे टेकून फुलाकडे तासन् तास पाहणारा माणूस त्या काळच्या लोकांना विक्षिप्तच वाटला असेल!

तो ग्रंथ मात्र मेला नाहीं. १८४१ सालीं रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून चार्लस डार्विननें तो वाचला, आणि त्याची योग्यता ओळखली. डार्विननें स्वतः वर्षानुवर्षें निरीक्षण केलें. भुंगे कोणत्या वाटेनें जातात हें पाहण्यासाठीं त्यानें आपल्या मुलांनाहि बागेंत उभें केलें. १८६२ सालीं ऑर्किडच्या फुलांवर त्याचा ग्रंथ निघाला. मादागास्कर बेटांतील एका ऑर्किडच्या फुलाला सुमारें साडेअकरा इंच लांबीची नळी असते आणि मधुरस तिच्या केवळ तळाशीं असतो. तेव्हां तितक्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटांत असलाच पाहिजे, असें डार्विननें लिहिलें. कांहीं कीटकशास्त्रज्ञांनीं त्याची थट्टा केली. पण १९०३ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनीं, तसल्या लांब सोंडेच्या पतंगाचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें. न पाहिलेल्या प्राण्याचें माप फुलावरून सांगतां येतें, ही शास्त्राची केवढी शक्ति!

डार्विनचें दुसरें कार्य इतकें चमत्कारिक नाहीं, पण शेतीच्या दृष्टीनें तें अधिक मोलाचें आहे. अकरा वर्षें त्यानें एकाच जातीच्या रोपांच्या दोन ओळी शेजारीं शेजारीं वाढविल्या. एका ओळीचें बीं फुलाच्या स्वतःच्याच परागापासून झालेलें, दुसरीचें परक्या झाडाच्या परागापासून. परक्या परागाची संतति बहुधा उंच, जोमदार आणि अधिक बीं देणारी निघाली. १८७६ सालीं हे निष्कर्ष त्यानें प्रसिद्ध केले. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळतात, तसाच कांहींसा नियम फुलांच्याहि घरीं आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

या कामाला नियमित नोंदवहीचें रूप दिलें तें पुन्हा एका शिक्षकानेंच. हेर्मान म्यूलर हा जर्मनींतील लिपस्टाट गांवच्या शाळेंत शिकवीत असे. कोणत्या फुलावर कोणता कीटक आला, तो मधुरसासाठीं आला कीं परागासाठीं, याची त्यानें फुलावार नोंद केली, आणि १८७३ सालीं तिचा ग्रंथ केला. त्याचा भाऊ फ्रिट्स म्यूलर ब्राझीलमधून अशींच निरीक्षणें डार्विनला लिहून पाठवीत असे. शाळेंत उत्क्रांतीचा विचार शिकवितो म्हणून हेर्मानवर गहजब झाला, आणि तें प्रकरण १८७९ सालीं प्रशियाच्या विधिमंडळापर्यंत गेलें. तरी त्यानें फुलांचा नाद सोडला नाहीं.

आपल्या देशांतहि त्या काळीं निसर्गाभ्यासाची हवा वाहूं लागली होती. १८८३ सालीं मुंबईंत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे गृहस्थ होते. तिकडे कलकत्त्यास डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या डॉक्टरानें उंबराच्याच कुळांतील एका झाडाचीं फळें चिरून पाहिलीं, आणि आंत कीटक शिरल्यावांचून त्यांची पुढची वाढ होत नाहीं, हें १८८९ च्या सुमारास नोंदविलें.

आतां उंबराचें कोडें सुटतें. गांधीलमाशीच्या कुळांतील, पण चिलटाएवढी एक मादी कोंवळ्या उंबराच्या तोंडाशीं असलेल्या अरुंद छिद्रांतून आंत शिरते. शिरतांना तिचे पंख मोडून पडतात; आतां बाहेर येणें नाहीं. दुसऱ्या उंबरांतून आणलेला पराग ती आंतल्या फुलांवर घालते, कांहीं फुलांत अंडीं घालते आणि तेथेंच मरते. पुढें त्या अंड्यांतून नर आधीं निघतात. त्यांना पंख नसतात. माद्यांशीं समागम करून बाहेर जाण्याची वाट कोरून द्यावयाची, एवढेंच त्यांचें आयुष्य. पंख असलेल्या माद्या पराग घेऊन त्या वाटेनें दुसऱ्या उंबराकडे जातात. उंबर फोडल्यावर दिसणाऱ्या ज्या किड्यांची आपल्याला किळस येते, त्यांतल्या या चिमुकल्या प्राण्यावर त्या वृक्षाचा वंश चालला आहे!

आतां स्वतःच्या जिल्ह्याकडे वळतों. आमच्या देऊळगांवराजा, सिंदखेडराजा या भागांत कांद्याचें बीं तयार करण्याचा व्यवसाय आहे. हिंवाळ्याच्या अखेरीस कांद्याच्या उंच दांड्यांवर पांढरे गोंडे फुलतात. एकेका गोंड्यांत शेंकडों फुलें. स्प्रेंगेलनें जी गोष्ट हेरली ती येथें लागू पडते. कांद्याच्या फुलांत पराग आधीं झडून जातो आणि कुक्षि मागाहून तयार होते. तेव्हां एका फुलाला दुसऱ्या फुलाचा पराग हवा, आणि तो आणावयास माशी हवी. आग्या, सातेरी, फुलोरी या आपल्या मधमाश्या गोंड्यांवर फिरल्या नाहींत, तर गोंडा बाहेरून भरलेला दिसला तरी आंत बीं भरत नाहीं. शेतकऱ्यानें खत घातलें, पाणी दिलें, रात्रीचा दिवस केला, तरी शेवटचें काम त्याच्या हातीं नाहीं.

याच भागांत शेडनेटच्या जाळीखालीं मिरची, टोमॅटो यांचें संकरित बीं होतें. तेथें जाळीमुळें कीटकाला मज्जाव असतो, म्हणून त्याचें काम माणसें करतात. फूल उमलण्यापूर्वीं त्यांतील पुंकेसर चिमट्यानें काढावयाचे आणि दुसऱ्या वाणाचा पराग कुक्षीला लावावयाचा. असें एकेक फूल करीत आमच्या आयाबहिणींचा दिवस जातो. त्यांच्या मजुरीचा हिशेब मांडला म्हणजे मधमाशी आपल्याकडून किती काम विनामूल्य करून देते, हें कळेल. जगांतील ११५ प्रमुख अन्नपिकांपैकीं ८७ पिकांना फळ किंवा बीं धरण्यासाठीं प्राण्यांचें, मुख्यतः कीटकांचें, कमीअधिक साहाय्य लागतें, असें २००७ सालच्या एका अभ्यासानें दाखविलें आहे.

असें असतां ऐन फुलोऱ्यांत, भर सकाळीं, माश्या कामावर असतांना विषारी औषधाची फवारणी होते, हें दुर्दैव होय. ज्या किडीसाठीं औषध मारलें ती मरते, आणि जिच्यावांचून बीं धरत नाहीं तीहि मरते. कीड वाढली असतां शेतकऱ्यानें स्वस्थ बसावें, असें मी म्हणत नाहीं. त्याचें वर्षाचें पोट त्या वाफ्यावर आहे. परंतु फुलोऱ्यांत फवारणी शक्य तों टाळावी, टाळतांच आली नाहीं तर माश्या परतल्यावर, संध्याकाळीं करावी, बांधावरचीं झाडेंझुडपें राखावीं, आणि धूर व आग लावून मोहोळ उद्ध्वस्त करूं नये, एवढें तरी आपल्याला साधण्यासारखें आहे. त्यांत धर्मादाय कांहीं नाहीं. निव्वळ व्यवहार आहे.

शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांस वाटेल, हें शेतकऱ्यांचें झालें, आमचें काय? आपल्या गच्चीवरचा भोपळ्याचा वेल पाहा. त्याचीं नरफुलें वेगळीं, मादीफुलें वेगळीं. माशी आली नाहीं तर मादीफुलाखालचें इवलें फळ पिवळें पडून गळतें, आणि आपण मातीला दोष देतों. एखाद्या सकाळीं मुलांना घेऊन त्या वेलाशीं अर्धा तास बसा. कोण आलें, कोठें बसलें, अंगाला काय लागलें, दुसऱ्या कोणत्या फुलावर गेलें, एवढें वहींत लिहावयास सांगा. त्याला दुर्बीण लागत नाहीं, प्रयोगशाळा लागत नाहीं. ज्या शिक्षकांचीं नांवें मीं आज घेतलीं, त्यांच्याजवळ दोन डोळे, एक वही आणि पुष्कळ धीर, याहून अधिक फारसें कांहीं नव्हतें. तें भांडवल आपल्या प्रत्येक घरांत आहे. तें वापरावें, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.