ऊब आणि धूर
(वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



थंडीत खोकणारे मूल घेऊन कोणी आले, की आम्ही पूर्वी हटकून विचारीत असू, "घरात गॅस आहे ना? मग चूल कशाला पेटवता?" एका आजीने त्याचे उत्तर दिले, "गॅसवर भाकर होती, डॉक्टर. पर त्याच्याभोवती बसून शेकता येत नाय." आमचा प्रश्नच अपुरा होता, हे त्या दिवशी आम्हांस उमगले.

हरसूल परिसरातील घरात चूल केवळ नागलीची भाकरी भाजत नाही. पावसाळ्यात ती ओली लाकडे आणि कपडे वाळवते; पौष-माघात तिच्याच भोवती घर झोपते. कारवीच्या कुडाच्या भिंतींतून वारा आत येतो, तसाच धूरही बाहेर जातो. थंडीसाठी फटी बुजवल्या, की धूर आत कोंडतो. ऊब हवी तर धूर सोसायचा, असा हा सौदा आहे. आणि त्याची किंमत चुलीजवळची स्त्री व तिच्या मांडीवरचे मूल चुकविते. बालकांचा न्यूमोनिया आणि स्त्रियांचा जुनाट श्वसनविकार यांच्याशी या धुराचा संबंध आता निर्विवाद आहे.

इंग्लंडमध्ये घर पुरेसे उबदार ठेवण्यास उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक खर्च करावा लागणाऱ्या कुटुंबाला 'इंधन-दरिद्री' म्हणण्याची व्याख्या ब्रेंडा बोर्डमन यांनी 1991 साली रूढ केली. ती फूटपट्टी येथे चालणार नाही. मोळीला बिल येत नाही. तिचा हिशेब डोक्यावरच्या ओझ्यात आणि छातीतल्या घरघरीत होतो.

शासनाने काहीच केले नाही असे नव्हे. 1983 साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला; तो 2002 मध्ये थांबला. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि 2024 साली राज्याने वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची योजना जाहीर केली. स्वयंपाकाचा धूर त्यामुळे कमी होऊ शकतो. परंतु ऊब कोणत्याच योजनेच्या हिशेबात नाही.

भात-नागली झोडून झाली, की येथील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागांवर मजुरीस जातात. निफाडचे तापमान काही हिवाळ्यांत 5 अंशांच्याही खाली उतरते. तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून बागांत पहाटे शेकोट्या पेटवितात. बागायतदाराला दोष देण्याचे कारण नाही. त्याचे वर्षाचे पीक पणाला लागलेले असते. तथापि त्याच बांधावर, प्लॅस्टिकच्या पालात, दीड महिन्याचे बाळ झोपलेले असू शकते.

नवजात बाळाचे तापमान 36.5 अंशांखाली जाता कामा नये. कमी वजनाच्या बाळाला ते स्वतःहून राखता येत नाही. सुदैवाने त्यासाठी सरपण लागत नाही. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची, बोगोटा येथे 1978 च्या सुमारास सुरू झालेली, 'कांगारू' पद्धत आम्ही प्रत्येक मातेस शिकवितो. तिने थकल्यास बाप आणि आजीही ती ऊब देऊ शकतात. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातच नवजातांची देखभाल करून बालमृत्यू घटविले, त्याचा शोधनिबंध 1999 साली प्रसिद्ध झाला. त्या देखभालीत बाळाला उबदार ठेवणारी साधी झोळीवजा पिशवीही होती.

नातेवाइकांना एक कळकळीची सूचना : बाळंतिणीच्या खाटेखालची कोळशाची शेगडी बंद खोलीत मुळीच ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. सरपण मात्र वळचणीखाली रचून पावसाळ्यापूर्वीच कोरडे ठेवावे. ओले लाकूड अधिक धुरावते आणि कमी तापते.

आणि देणगीदारांना एक विनंती. आपली ब्लँकेटे दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास येतात. तोवर ज्यांना ती हवी ती कुटुंबे बागांवर गेलेली असतात. यंदा ती दिवाळीपूर्वी मिळाली, आणि सोबत लहान बाळांच्या टोपड्या व मोजे आले, तर प्रसूत मातांच्या गाठोड्यात ती आम्ही येथूनच बांधून देऊ.