भट्टीआधीचा हिशेब

(नगर अभियंते आणि घनकचरा विभागातील अधिकाऱ्यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



दिल्लीत तिमारपूर इथे १९८७ साली शहरी कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. तंत्रज्ञान डेन्मार्कचं, क्षमता रोज ३०० टनांची, अपेक्षित वीज पावणेचार मेगावॅट. भट्टी जेमतेम तीन आठवडे चालली. आखणी करताना किलोमागे सुमारे १,४६० किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा गृहीत धरला होता. दिल्लीच्या गाड्यांतून उतरला तो ६०० ते ७०० किलोकॅलरींचा. अशा कचऱ्यावर भट्टी स्वतःच्या बळावर पेटती राहणं शक्यच नव्हतं.

कचऱ्यापासून वीज या विषयावर देशात आजवर झालेली बहुतेक चर्चा धुराड्याभोवती फिरली. ती आवश्यकच आहे. पण तिमारपूरचा प्रश्न धुराड्यापर्यंत पोहोचण्याआधीच उभा राहिला होता. तो होता कचऱ्यातल्या पाण्याचा.

भारतीय घरातल्या कचऱ्याच्या डब्यात काय असतं? भाजीची देठं, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा, शिळा भात, निर्माल्य. आपल्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग असा ओला असतो आणि सगळ्या कचऱ्याचं मिळून निम्म्याच्या आसपास वजन निव्वळ पाण्याचं भरतं. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे १०० किलो कचऱ्यात ५० किलो पाणी असेल, तर बॉयलरला काही मिळण्याआधीच ३०,००० किलोकॅलरी ते पाणी हाकलण्यात खर्ची पडतात. त्यात रस्ता झाडताना आलेली माती आणि बांधकामाचा राडारोडा मिसळला, की जळण्याजोगं फार थोडं उरतं. जागतिक बँकेने १९९९ साली विकसनशील देशांतल्या शहरांसाठी साधा निकष सांगितला होता : कचऱ्याचं उष्णतामूल्य वर्षाच्या सरासरीने किलोमागे ७ मेगाज्यूल, म्हणजे अंदाजे १,६७० किलोकॅलरी असावं आणि कोणत्याही ऋतूत ते ६ मेगाज्यूलच्या खाली जाऊ नये. ‘कोणत्याही ऋतूत’ हे शब्द कोकणातल्या, मुंबईतल्या, गोव्यातल्या अभियंत्याने अधोरेखित करून ठेवावेत. मे महिन्यातल्या नमुन्यावर काढलेला आकडा जुलैत टिकत नाही.

या गणिताची दुसरी बाजू क्वचितच मांडली जाते. कचऱ्यात खरी उष्णता असते ती प्लास्टिक, पुठ्ठा, कागद, कापड यांत. प्लास्टिकच्या साध्या पिशवीचं उष्णतामूल्य किलोमागे १०,००० किलोकॅलरींच्या घरात जातं. पण पुठ्ठा, कागद आणि बाटल्या घंटागाडी येण्याआधीच कचरावेचक बायका आणि भंगारवाले वेचून नेतात. भट्टीला जे उत्तम इंधन, तीच या लोकांची भाकरी. १९९३ साली पुण्यात कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ साली तिने महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करण्याचं काम सुरू केलं. ही माणसं दारात उभी राहून ओला आणि सुका वेगळा करतात, सुक्यातला विकण्याजोगा माल बाजूला काढून पुनर्वापराच्या साखळीत पाठवतात. जी भट्टी त्यांच्या हातातला पुठ्ठा आणि बाटली मागते, तिचा हिशेब मांडताना त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा आकडा खर्चाच्या बाजूला लिहायला हवा. आजवर किती प्रकल्प अहवालांत तो लिहिला गेला?

तरीही भट्टीला सरसकट नकार देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. कारण कचरा आजही जळतोच आहे. मुंबईतल्या देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर कचरा टाकायला १९२७ साली सुरुवात झाली. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि शेजारच्या वस्त्यांनी तो दिवसचे दिवस छातीत घेतला. तिथे ना तापमानावर ताबा होता, ना धूर गाळणारी पिशवी, ना मोजणारं यंत्र. औरंगाबादेत २०१८ च्या फेब्रुवारीत शहराचा कचरा जिथे टाकला जायचा त्या नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि ऐतिहासिक शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं अंगावर घेणाऱ्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनीही असंच रस्त्यावर उतरून सांगितलं, की शहराची घाण गावाने का सोसावी. त्यांचं म्हणणं रास्त होतं. अशा पेचात सापडलेल्या आयुक्तासमोर कुणी ‘रोज हजार टन आम्ही संपवतो’ म्हणत आलं, तर त्याला मोह होणारच.

इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा याच वाटेने गेली. तिथल्या कोशे नावाच्या प्रचंड कचराडोंगराचा कडा ११ मार्च २०१७ रोजी कोसळला आणि त्याखालच्या वस्तीतली शंभराहून अधिक माणसं गाडली गेली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, त्याच कोशेच्या कडेला रेप्पी प्रकल्पाचं उद्घाटन झालं : रोज १,४०० टन कचरा जाळण्याची योजना, आफ्रिकेतला अशा प्रकारचा पहिला. इतक्या मृत्यूंनंतर तिथे काही तरी करणं भागच होतं. पण त्या डोंगरावर उपजीविका करणाऱ्या शेकडो वेचकांसमोरचा प्रश्न भट्टीने सुटत नव्हता, आणि अदिसच्या कचऱ्यातही ओला भागच मोठा आहे.

आता धुराड्याकडे. जळालेले वायू ८५० अंशांच्या वर किमान २ सेकंद राहिले, तर डायॉक्सिनसारखी विषं बरीच मोडतात. ओला कचरा आत गेला की नेमकं हेच तापमान घसरतं, म्हणून पाण्याचा आणि विषाचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी डायॉक्सिनसाठी घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅमची, युरोपच्या तोडीची मर्यादा घातली. मर्यादा उत्तम आहे. मात्र धूळ किंवा सल्फर डायऑक्साइड जसं यंत्र सतत मोजत राहतं, तसं डायॉक्सिन मोजता येत नाही. धुराड्यातून नमुना घ्यावा लागतो, मोजक्याच प्रयोगशाळांपैकी एकीकडे पाठवावा लागतो आणि त्याला पैसा लागतो. ज्या दिवशी नमुना घेतला त्या दिवशी भट्टीत काय घातलं होतं, हे विचारायला कुणी नसतं. दिल्लीतल्या ओखल्याचा प्रकल्प २०१२ पासून भर वस्तीत चालू आहे. तिथल्या रहिवाशांना न्यायासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला २५ लाख रुपये भरायला लावले आणि प्रकल्प देखरेखीखाली चालू ठेवला. शेजारच्या खिडक्यांत राख पडते की नाही हे ठरवायला नागरिकांना लवादापर्यंत जावं लागणं, हे आपल्या व्यवसायाचं अपयश आहे.

आणि राख? वजनाने पाव भाग तरी मागे उरतोच. तळाची राख बांधकामात वापरता येईल, पण धूर गाळताना पकडलेल्या बारीक राखेत जड धातू असतात, तिला सुरक्षित भरावभूमी लागते. भट्टी आली म्हणून जागेचा शोध संपत नाही.

महाराष्ट्रात हा प्रयोग सुरू झालेला आहे. पिंपरी-चिंचवडच्या मोशीत सुमारे ३०० कोटी रुपये खर्चून उभारलेल्या, वर्षाला अडीच लाख टन कचरा लागणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्याची क्षमता १४ मेगावॅटची आहे. तिमारपूरनंतर तंत्र खूप पुढे गेलं आहे, हे मान्य करायलाच हवं. शिवाय २०१६ च्या वीजदर धोरणाने अशा प्रकल्पांची सगळी वीज वितरण कंपन्यांनी घ्यावी असं बंधन घातलं आणि केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ साली युनिटला ७ रुपयांहून अधिक दर ठरवला होता. म्हणजे ही वीज स्वस्त नाही. समाज तिची किंमत मोजतो ती कचऱ्याची विल्हेवाट लागावी म्हणून. मग ओला कचरा ज्या बायोगॅस संयंत्रात किंवा खतखड्ड्यात गेला असता, तिथे तोच रुपया किती टन संपवतो, ही तुलना प्रत्येक सभागृहापुढे आली पाहिजे. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही तेच सुचवलं होतं : ज्याचा पुनर्वापर होत नाही आणि ज्याचं उष्णतामूल्य १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक आहे, असाच कचरा ऊर्जेसाठी वापरावा.

उद्याच्या सत्रात निविदेचा नमुना मसुदा चर्चेला येणार आहे. त्यात महापालिकेने रोज ठरावीक टन कचरा पुरवलाच पाहिजे, न पुरवल्यास दंड, असं कलम असेल तर ते काढून टाकावं. कारण वीस-पंचवीस वर्षांच्या करारात असं कलम राहिलं, की वर्गीकरण यशस्वी करणारं शहर दंडाला पात्र ठरतं. त्याऐवजी जुलै आणि ऑगस्टमधल्या कचऱ्याचे, वेचकांनी सुका माल काढून घेतल्यानंतरचे नमुने तपासणं निविदेआधी बंधनकारक करावं. बारीक राखेची जागा कुठली, हे सर्व्हे नंबरासह आधी लिहून घ्यावं. डायॉक्सिनचा प्रत्येक अहवाल, नमुना घेतला त्या दिवशीच्या भट्टीच्या तापमानासह, प्रभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावा. आणि मसुदा समितीत कचरावेचकांच्या संघटनेचे किमान दोन प्रतिनिधी मतदानाच्या हक्कासह बसावेत. या दुरुस्त्या अध्यक्षपदावरून परिषदेपुढे मांडल्या जात आहेत. त्यांवर खुली चर्चा व्हावी आणि मतदान घ्यावं.