पिवळ्या रेषेचा वारसा

१८३५ साली ऑगस्ट काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने मानवी ज्ञानाला एक सीमा आखून दिली. आकाशस्थ गोलांचे आकार, अंतरे आणि गती मनुष्य जाणू शकेल. परंतु तारे कोणत्या द्रव्यांचे घडले आहेत हे त्याला कधीही कळणार नाही, असे त्याचे मत होते. हे मत अविचाराचे नव्हते. ताऱ्यावरील मूठभर माती प्रयोगशाळेत आणणार कोण? काँत १८५७ साली निवर्तला. त्यानंतर दोनच वर्षांनी हायडेलबर्ग येथे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले की, तापून वायुरूप झालेले प्रत्येक मूलद्रव्य वर्णपटात आपल्या ठराविक जागीच रेषा उमटवते. माती आणण्याचे कारणच उरले नाही. तिची वार्ता प्रकाशच घेऊन येत होता.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. आंध्रातील गुंटूर येथे फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन याने सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातील रेषा इतक्या ठळक होत्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसतील असे त्याच्या ध्यानी आले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तसे करून दाखविले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकयर यानेही स्वतंत्रपणे हेच साधले. त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ती सोडियमच्या रेषांच्या शेजारची होती, पण सोडियमची नव्हती. पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात द्रव्याशी तिचा मेळ बसेना. लॉकयरने ती एका नव्या मूलद्रव्याची मानली. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. पुष्कळांनी शंका घेतल्या. अखेर १८९५ साली रॅम्से याला युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा आढळली. सूर्यावर भेटलेले द्रव्य पृथ्वीच्या दगडात सापडण्यास २७ वर्षे लागली.

कोडे सुटले खरे. पण त्या उत्तराच्या पोटातून नवे प्रश्न जन्मले. दगडात हा वायू आला कोठून? रदरफोर्डने दाखविले की, किरणोत्सर्गी द्रव्यांतून सुटणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचेच अणुगर्भ होत. मग सूर्यात तो कसा निर्माण होतो? १९३९ साली बेथे याने हायड्रोजनपासून हेलियम घडविणाऱ्या प्रक्रियांचे गणित मांडले आणि सूर्याच्या तेजाचा उगम स्पष्ट झाला.

सूर्याने आणखी एक कोडे हाती दिले होते. १८६९ च्या ग्रहणात, सूर्याभोवतालच्या प्रभामंडळात अमेरिकन निरीक्षकांना एक हिरवी रेषा दिसली. तिच्यासाठीही नवे मूलद्रव्य कल्पिले गेले; त्याला 'कोरोनियम' म्हणू लागले. या वेळी मात्र तर्क फसला. सुमारे सत्तर वर्षांनी ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या संशोधनातून कळले की, ती रेषा १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या लोखंडाची आहे. लोखंडाची अशी अवस्था होण्यास दहा लाख अंशांहून अधिक तापमान हवे. सूर्याचा पृष्ठभाग तर सुमारे साडेपाच हजार अंशांचाच! चुलीपासून दूर गेल्यावर उष्णता कमी व्हावी, ती येथे शेकडो पटींनी का वाढते, या प्रश्नाचा पूर्ण निकाल अद्याप लागलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने सोडलेले 'आदित्य-एल१' हे यान पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटर अंतरावरून याच प्रभामंडळाचा वेध घेत आहे.

कोडाईकनालच्या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून सूर्याची छायाचित्रे घेतली गेली. ज्यांनी ती नेमाने घेतली, त्यांतील बहुतेकांना त्यांचा पुढे काय उपयोग होईल हे पाहावयास मिळाले नाही. आज शंभर वर्षांतील सौर डागांचा अभ्यास त्याच संग्रहावर होतो. शेतकरी आंब्याचे कलम लावतो ते केवळ स्वतःच्या ताटाकडे पाहून नव्हे. ज्ञानाची लागवडही तशीच चालते.

काँतची चूक अज्ञानाची नव्हती. त्याच्या काळी ते अज्ञान सर्वांचेच होते. पुढे जन्मणाऱ्यांच्या वतीने त्याने निकाल देऊन टाकला, ही त्याची चूक. लॉकयरचा तर्क खरा ठरला, कोरोनियमचा खोटा ठरला. पण दोहोंनी प्रश्न उघडा ठेवला, म्हणून दोन्ही फळास आले. प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला धन, घरे आणि ग्रंथ ठेवून जाते. त्यांच्या जोडीला नीट नोंदलेला, प्रामाणिकपणे अनुत्तरित ठेवलेला एक प्रश्न ठेवला, तर तो वारसा त्यांहून उणा नाही.